आठ महिने वापरलं, अ‍ॅप चांगलंय पण कॉन्टॅक्टची परवानगी देऊ नका

मी कराडला वधू-वर सूचक मंडळ चालवते. आधी सासूबाई बघायच्या, त्यांच्या जाड नोंदवह्या अजून कपाटात आहेत, मी हातात घेतल्यावर हळूहळू सगळं मोबाइलवर आलं. आज माझ्या फोनमध्ये दोन हजारच्या वर नंबर आहेत आणि ते सेव्ह केलेत पण असेच, "सातारा इंजिनियर मुलाचे वडील", "पुनर्विवाह मुलगी स्वतः", "मंगळ चालेल इस्लामपूर". हे आधी सांगते कारण पुढचं सगळं ह्या नंबरांमुळे झालंय.

मंडळाची जाहिरात करायला म्हणून आठ महिन्यांपूर्वी हे सोशल अ‍ॅप घेतलं. नाव लिहीत नाही, मला जे सांगायचंय ते ह्या एकाच अ‍ॅपपुरतं नाहीये. वापरायला खरंच सोपं आहे, मराठी नीट दिसतं, फोटो फाटत नाहीत, मेळाव्याची पोस्ट टाकली की दोन दिवसांत पन्नास-साठ फोन येतात, माझी डी.एड.ची मैत्रीण चोवीस वर्षांनी इथेच सापडली. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती फ्रेंड सजेशनची. अकाउंट उघडताना "तुमचे मित्र शोधा" असं आलं, खाली मोठं निळं बटण होतं, मी दाबलं. फोनने विचारलं कॉन्टॅक्ट बघू देऊ का, तेही हो म्हटलं. पाच सेकंदांचं काम. दुसऱ्या दिवसापासून सजेशनमध्ये माझी अख्खी नोंदवहीच यायला लागली, मुलींचे मामा, मुलांच्या वहिनी, बायोडाटावर ज्यांचा फक्त नंबर होता त्यांचे चेहरे. तेव्हा मला ते बरंच वाटलं हो, कामाला येईल असं वाटलं. मग एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, ताई तुम्ही त्या मुलाकडच्यांना आमच्याबद्दल आधीच सांगितलं का, त्यांची रिक्वेस्ट आलीय. मी काहीच बोलले नव्हते, पत्रिका जुळते का तेच अजून बघत होते. आमच्यात पत्रिका आणि बायोडाटा दोन्हीकडून पसंत झाल्याशिवाय नाव पुढे जात नाही, तो विश्वास आहे म्हणून लोक घरातलं सगळं सांगतात. योगायोग असेल म्हणून सोडून दिलं, तिथे माझं चुकलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. एका मुलीचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झालेली, सासरी फार त्रास काढला होता तिने, गाव बदललं, नंबर बदलला आणि तो मोजून सात-आठ जणांना दिला, त्यातली एक मी. तिच्या आधीच्या नवऱ्याचं नावही त्याच्या बहिणीने माझ्याच मंडळात पुनर्विवाहासाठी नोंदवलेलं, म्हणजे दोन्हीकडचे नंबर माझ्या फोनमध्ये. रात्री पावणेदहाला तिचा फोन. आवाज इतका खाली की मला दोनदा विचारावं लागलं. "काकू, नणंदेची रिक्वेस्ट आलीय. मी तिला सापडले कशी?" प्रोफाइलवर तिने आडनाव टाकलं नव्हतं, फोटो जास्वंदीचा, फ्रेंड लिस्टमध्ये नऊ जण. स्क्रीनशॉट पाठवला त्यात नणंदेच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, एक म्युच्युअल फ्रेंड. ती मी होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाचा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला सकाळी सगळं सांगितलं. त्याने आधी मुलीला विचारलं, तिने कॉन्टॅक्टची परवानगी दिलीच नव्हती. नणंदेकडे नवा नंबर असायचं कारण नाही. म्हणजे तिच्या बाजूने तिने काळजी घेतलेली, आणि तरी दोघींना जोडणारा दुवा बहुतेक माझा फोन निघाला. पुरावा नाही माझ्याकडे, अ‍ॅपवाले आत काय हिशोब करतात ते सांगत नाहीत, पण दुसरा रस्ता आम्हाला दिसला नाही. भाचा म्हणाला दोन नंबर एकाच फोनमध्ये असले की अशी अ‍ॅप्स धरून चालतात की ह्यांची ओळख असणार. आता मध्यस्थाच्या फोनमध्ये एकमेकांना न ओळखणारीच माणसं असतात, आणि काही तर एकमेकांपासून लांब राहायला धडपडणारी. वकील, डॉक्टर, समुपदेशन करणाऱ्या बायका, सगळ्यांच्या फोनमध्ये हेच असणार ना.

त्याने आणखी एक सांगितलं. २०१३ मध्ये फेसबुकने स्वतःच जाहीर केलं होतं की एका चुकीमुळे जवळपास ६० लाख लोकांचे फोन नंबर किंवा ईमेल दुसऱ्यांना दिसले, आणि ती माहिती दुसऱ्या लोकांनी अपलोड केलेल्या कॉन्टॅक्टमधून आलेली. म्हणजे तुम्ही स्वतः नंबर दिला नसला तरी कुणीतरी ओळखीच्याने दिलेला असतो. काही अ‍ॅप म्हणतात आम्ही नंबर जसाच्या तसा नेत नाही, त्याचा हॅश, म्हणजे नंबर ओळखू येणार नाही असा सांकेतिक मजकूर, करून नेतो, पण आपला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता, एवढ्या सगळ्यांचे हॅश काढून मूळ नंबर कुठला ते तर कंप्युटर सहज शोधतो म्हणे.

मी काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची कॉन्टॅक्टची परवानगी बंद केली, पण तेवढ्याने आधी गेलेले नंबर पुसले जात नाहीत, ते अ‍ॅपच्या आत वेगळ्या ठिकाणी जाऊन डिलीट करावे लागतात, मला ते पान शोधायला अर्धा तास लागला. आयफोनवाल्यांना २०२४ च्या आयओएस १८ पासून निवडक कॉन्टॅक्टच द्यायची सोय आहे, माझ्या फोनला नाही. कंपनीला दोन मेल केले, एकाला उत्तर आलं की तुमचा अनुभव आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मी विचारलेलं की तिचा नंबर तुमच्याकडे कुणाच्या परवानगीने आला, त्यावर एक ओळ नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झालाय, त्यात संमती ज्याची माहिती त्याची लागते असंच तत्त्व आहे, मग माझ्या एका टॅपवर दोन हजार माणसांची संमती कशी धरली जाते हे मला कुणीतरी समजावून सांगावं. तो नंबर तिने मला दिला होता, पुढे द्यायचा हक्क मला नव्हताच.

आता सजेशन बऱ्यापैकी कमी झालीत, अजून पूर्ण गेलेली नाहीत, आणि दर आठ-दहा दिवसांनी "मित्र शोधा" परत वर येतं, ते कायमचं बंद करायचं बटण मला सापडलेलं नाही. जाहिरातीसाठी चार स्टार दिले असते, ह्यामुळे दोनच देतेय.

मुलीने अकाउंट बंद केलं, नंबर परत बदलला. नवा नंबर द्यायला स्वतः घरी आली, म्हणाली काकू सेव्ह करू नका. सासूबाईंच्या वहीत शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतलाय, फोन करायचा असला की चष्मा लावून एकेक आकडा दाबते, आणि झाल्यावर कॉल लॉगमधून पण काढून टाकते.