मोठ्या अक्षरांतला ‘नवा करार व स्तोत्रसंहिता’: हातात मावतो, पण ‘उपदेशक’ हे पुस्तकही हवं होतं

आजारी माणसासाठी बायबल घ्यायचं तर आधी वजन बघावं. संपूर्ण बायबल म्हणजे 66 पुस्तकं. त्यात मोठी अक्षरं घेतली की असा ठोकळा होतो की झोपून वाचणाऱ्याला तो पेलत नाही. म्हणून दादासाठी ही आवृत्ती मागवली. नव्या कराराची 27 पुस्तकं आणि शेवटी 150 स्तोत्रं, एवढंच. बांधणी दोऱ्याची, त्यामुळे उघडून पांघरुणावर ठेवलं तरी पान आपोआप मिटत नाही. कागद पातळ आहे, मागची छपाई थोडी दिसते, पण अक्षर ठसठशीत असल्याने अडत नाही. खुणेच्या फिती दोन आहेत आणि दोन्ही लागतात, एक स्तोत्रांत, एक प्रेषित पौलाच्या पत्रांत.

प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू केलंय. त्यामुळे पौलाची लांबलचक वाक्यं उगाच तुटतात. मात्र योहानाच्या 11 व्या अध्यायात त्याचा फायदा होतो. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरी लाजराच्या बहिणीला आणि सोबतच्या लोकांना रडताना पाहून तोही रडतो. ते 35 वं वचन दोनच शब्दांचं, ओळीवर एकटं. दादाची नजर तिथे थांबलेली मी पाहिली. (लाजर पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असेल की, हे दादाचं म्हणणं. असेलच.)

दादा प्रार्थनेला नियमित जाणाऱ्यांतला कधीच नव्हता. डॉक्टर आता वर्षांचा हिशेब सांगत नाहीत. एवढ्याशा आयुष्यात जे केलं त्याचं पुढे काय होतं, हे एकच तो फिरून फिरून विचारतो. त्यावर मी करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय वाचला. मेलेले उठत नसतील तर खा, प्या, उद्या मरायचंच आहे, हे पौल तिथे उघड म्हणतो. पुनरुत्थानावर एवढं सगळं लिहून शेवटच्या, 58 व्या वचनात तो स्वर्गाचं वर्णन करत बसत नाही. कामाकडे वळतो: प्रभूमध्ये केलेले तुमचे श्रम व्यर्थ नाहीत.

दादाने मला तिथेच थांबवलं. “व्यर्थ आहेत असं म्हणालं कोण होतं?”

म्हणालाय उपदेशक, जुन्या करारातल्या त्याच नावाच्या पुस्तकात, आणि तोच ह्या आवृत्तीत नाही. रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायातली तळटीप खुशाल उपदेशक 1:2 बघा म्हणते. बघायचं कुठे? घरं, द्राक्षमळे, सोनं, गाणारे-गाणाऱ्या, सगळं जमवून झालेला माणूस तिथे म्हणतो की मला ह्या कष्टांचा वीट आला, कारण माझ्यामागे हे ज्याच्या हाती जाईल तो शहाणा निघेल की मूर्ख कोण जाणे. माणूस मरतो तसंच जनावरही मरतं, हेही तो बजावतो. हे पवित्र शास्त्रात आहे, ते कुणा नास्तिकाने बाहेरून आणलेलं नाही. ते वाचून मग पौलाकडे आलं की त्याच्या ‘नाहीत’ला वजन येतं. जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तकही नाही, पण ते 42 अध्यायांचं, तिथे मी हट्ट धरणार नाही.

स्तोत्रं आहेत म्हणून निभावतं. 90 वं, मोशेची प्रार्थना: आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, आमचे दिवस मोजायला शिकव, आणि शेवटी आमच्या हातचं काम टिकव, ही विनवणी दोनदा. 88 वं मात्र शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. दादाने ते पुन्हा वाचायला लावलं. वहिनींना आवडलं नाही. आजाऱ्यापुढे असलं वाचतात का, म्हणाल्या. मी सध्या वहिनी खोलीत नसताना वाचतो.

पाचपैकी चार तारे. हातात धरवत नसेल त्यांच्यासाठी ह्याहून सोयीचं मला मिळालेलं नाही. उपदेशकाचे बाराही अध्याय मोठ्या अक्षरांत छापून घ्या आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत खोचून ठेवा. पानं थोडीच होतात, पुस्तक फुगत नाही. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत ते स्वतःच घातले तर पाचवा ताराही देईन.