रात्री बारा ते चार : बँकॉकमधलं ग्रॅब कितपत भरवशाचं?

खतं-औषधांच्या कंपनीचं टार्गेट गाठलं की डीलरांची बँकॉक-पट्टाया टूर, हे सांगली जिल्ह्यात आता कुणाला नवल वाटत नाही. तासगाव-पलूसपासून जतपर्यंत कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हा विषय निघतोच. दिवसभराचं टूरवाले बघतात : बस, गाइड, भारतीय जेवण. जेवण उरकून बस हॉटेलवर सोडते, तिथून पुढं ज्याचं त्यानं बघायचं. टॅक्सी बोलवायच्या ग्रॅब ॲपचं हे परीक्षण त्या ‘पुढं’साठी आहे.

आधी वेळेचं गणित. बँकॉकची स्कायट्रेन म्हणजे बीटीएस आणि भुयारी एमआरटी मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. बार मात्र दोनपर्यंत चालतात आणि डिसेंबर २०२३ पासून बँकॉक, पट्टाया, फुकेत इथल्या ठरावीक भागांत पहाटे चारपर्यंत परवानगी आहे. म्हणजे गर्दी बाहेर पडते तेव्हा स्टेशनला कुलूप असतं. खिसा कापणं, अव्वाच्या सव्वा भाडं, ‘चला साहेब, दुसरीकडं नेतो’ हे सगळं बहुतेक याच फटीत घडतं. ग्रॅबची किंमत करायची ती या चार तासांवर. दिवसा ट्रेन आहे, मीटरची टॅक्सी आहे, ॲप नसलं तरी काही अडत नाही.

ग्रॅब म्हणजे आपल्याकडच्या ओला-उबरसारखंच. उबरनं २०१८ मध्ये दक्षिण-पूर्व आशियातला धंदा ग्रॅबलाच विकला, त्यामुळं उबरचं ॲप तिथं उघडून उपयोग नाही. बोल्ट नावाचं तसलंच ॲपही चालतं आणि बहुतेकदा स्वस्त दिसतं, ते दुसरं म्हणून फोनमध्ये असू द्यावं.

खातं मात्र सांगलीतूनच उघडून जावं. ओटीपी भारतीय नंबरावर येतो. विमानतळावर थाई सिम घालायचं म्हणून आपलं सिम काढून पाकिटात ठेवलं, की ओटीपी कुठं येणार? नेमकं इथंच बहुतेकांचं अडतं. ड्युअल सिम किंवा ई-सिम असेल तर भारतीय नंबर चालू ठेवा, फक्त त्यावरचा डेटा बंद करा. कार्ड जोडायचं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार आधी चालू करावे लागतात. नाही जमलं तरी बिघडत नाही, ग्रॅब रोख घेतं. फक्त हजाराची नोट पुढं करू नका. वीस, पन्नास, शंभरच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, म्हणजे रस्त्यावर सगळं पाकीट उघडावं लागत नाही.

भाड्याचा अंदाज असावा. मीटर टॅक्सी ३५ बाटपासून सुरू होते, मोठी गाडी असेल तर ४०. नाना ते सिलोम, हे बँकॉकमधले रात्री जागणारे दोन भाग, पाचेक किलोमीटर, मीटरनं सिग्नल धरून शंभर बाटच्या आसपास. (बाट म्हणजे ढोबळमानानं अडीच-तीन रुपये.) तेच अंतर रात्री टुकटुकवाला दोनशे-तीनशे सांगतो आणि टॅक्सीवाला मीटर टाकायला तयार नसतो. ग्रॅब मीटरपेक्षा महाग पडतं आणि पाऊस आला की आणखी चढतं, पण आकडा बसायच्या आधी दिसतो. सांगलीत रिक्षा ठरवून घ्यायची सवय असल्यानं पुष्कळांना वाटतं, आपण घासाघीस करून कमी करू. एका वाजता, अनोळखी भाषेत, दोन पेग झाल्यावर घासाघीस कोण जिंकतं ते सांगायला नको. टोल वेगळा पडतो, ड्रायव्हर टोलरोडचं विचारेल. रात्री रस्ते मोकळे असतात, नाही म्हटलं तरी चालतं.

आता पिकअपची जागा. सगळ्यात जास्त चुका इथं होतात. बँकॉकचा सुखुमवित म्हणजे आपल्या सांगली-मिरज रोडसारखा एक लांबलचक रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या गल्ल्या. गल्लीला तिथं ‘सोई’ म्हणतात. विषम नंबरच्या सोई उत्तरेला, सम नंबरच्या दक्षिणेला, आणि आकडे समोरासमोर येत नाहीत : सोई ५५ च्या समोर सोई ३८ येते. म्हणून ‘समोरच्याच गल्लीत आहे’ हा हिशेब चुकतो. हॉटेल टाकताना सोई ४ आणि सोई ४० यांतली गल्लत तर नेहमीची. ॲपच्या नकाशावरची पिकअपची पिन रस्त्याच्या चुकीच्या बाजूला पडली की गाडीला यू-टर्नसाठी लांब जावं लागतं, ड्रायव्हर कंटाळून ट्रिप रद्द करतो आणि माणूस पुन्हा टुकटुकच्या तावडीत. सोई ४ मधल्या नाना प्लाझा या बारच्या संकुलाच्या दारात गाडी बोलावू नका, ती सोई रात्री तुंबलेली असते. थोडं चालून मोठ्या हॉटेलच्या पोर्चमध्ये किंवा सेव्हन-इलेव्हनच्या उजेडात उभं राहा. सिलोमजवळच्या पॅटपाँग या बारच्या गल्लीतून निघताना सिलोमची गर्दी टाळून मागचा सुरावोंग रस्ता धरा. खाओसान या पर्यटकांच्या गजबजलेल्या रस्त्यात रात्री गाडी शिरणं अवघड, तिथं पश्चिम टोकाला चक्रबोंगसे रस्त्यावर चनासोंगक्राम पोलीस ठाणं आहे, त्याच्यासमोर पिन टाका.

गाडी आली की आधी नंबर. पाटीवरची अक्षरं थाई असतात, ती सोडा. आकडे आपण वाचतो तेच, ते ॲपमधल्याशी जुळवा. ‘ग्रॅब? ग्रॅब?’ करत जवळ येणारा ग्रॅब नसतो, कारण खऱ्या ड्रायव्हरकडं तुमचं नाव असतं. चॅटमध्ये इंग्रजी लिहिलं तर त्याला थाईत दिसतं, त्यामुळं ‘पांढरा शर्ट, सेव्हन-इलेव्हनसमोर’ एवढं पुरतं. बसल्यावर ट्रिपची लिंक ग्रुपवर टाका. ड्रायव्हर म्हणाला ‘ॲप बंद करा, रोख द्या, कमी घेतो’, तर उतरा. ट्रिप रद्द झाली की गाडीची नोंद गेली, आणि फोन सीटवर राहिला तर मागायचा कुणाकडं? मोटारसायकलची ग्रॅबबाईक स्वस्त आणि चपळ असते, पण प्यायल्यावर नको. बहुतेक प्रवास विम्यांत दारूच्या अंमलाखाली झालेली इजा वगळलेली असते.

एक बजावून सांगायला हवं : ग्रॅब तुम्हाला बारच्या दारापासून हॉटेलपर्यंत सांभाळतं, आतलं नाही. आत प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी तुमच्यासमोरच्या छोट्या कपात ठेवतात. दर फेरीला ती उघडून बघा, शेवटी एकदम नाही. बारमध्ये घंटा टांगलेली असते, ती गंमत म्हणून वाजवू नका. घंटा वाजवणाऱ्यानं सगळ्यांना पाजायचं, असा रिवाज आहे. पॅटपाँगला ‘वरच्या मजल्यावर शो, बिअर शंभर बाट’ म्हणणाऱ्याच्या मागं जिना चढूच नये, खरं बिल उतरताना येतं आणि तेव्हा दारात माणसं उभी असतात. बाटली समोर फोडलेलीच घ्या. रस्त्यावरची स्वस्त गावठी ‘यादोंग’ अजिबात नको. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकॉकमध्ये मिथेनॉल मिसळलेल्या यादोंगनं माणसं दगावली. मिथेनॉलचा त्रास लगेच नाही, बारा-चोवीस तासांनी सुरू होतो : धूसर दिसणं, पोटदुखी, धाप. हँगओव्हर समजून झोपून राहिलं तर डोळे जातात. अशा वेळी ग्रॅबची वाट बघू नका, १६६९ ला रुग्णवाहिका बोलवा.

पट्टायात ग्रॅबचं महत्त्व कमी. वॉकिंग स्ट्रीट हा तिथला बारचा रस्ता संध्याकाळनंतर वाहनांना बंद असतो, चालत टोकाला यावंच लागतं. बीच रोड आणि सेकंड रोडवर निळ्या साँगथेव फिरत असतात, आपल्या वडापसारख्या. भाडं न विचारता चढा, उतरायचं तिथं बझर दाबा, खाली उतरून दहा-वीस बाट द्या. आधी भाडं विचारलंत की गाडी तुम्ही एकट्यानं ठरवली असं धरतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पावसातल्या भाड्यासाठी आणि सगळा खेळ फोनच्या बॅटरीवर असल्यासाठी. रात्री दोनला बॅटरी संपली तर ॲप, नकाशा, हॉटेलचं नाव, सगळं गेलं. म्हणून पॉवर बँक घ्या (विमानात हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही) आणि रिसेप्शनवरून थाईत पत्ता छापलेलं हॉटेलचं कार्ड मागून शर्टाच्या खिशात ठेवा. त्याच कार्डाच्या मागं पेनानं लिहा : पर्यटक पोलीस ११५५. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, खिशात त्याची झेरॉक्स. तो हरवलाच तर आधी पोलीस रिपोर्ट, मग सुखुमवित सोई २३ मधला भारतीय दूतावास, सोई काऊबॉय या बारच्या गल्लीपासून चालत जाण्याइतका जवळ.