हीटिंग सुरू झालं आणि पान गळालं: नेपोलियन तिसऱ्याच्या काळातलं कपाट वापरून पाहिल्यावर

पॅरिसच्या घरात सेंट्रल हीटिंग सुरू झालं आणि आमच्या तीन खणांच्या कपाटावरचं लाकडी जडावाचं (रंगीत लाकडाचे पातळ तुकडे चिकटवून केलेल्या नक्षीचं) एक पान व्हॅक्यूम क्लीनरने गिळलं. धुळीची पिशवी वर्तमानपत्रावर उपडी करून, केसांच्या गुंत्यातून ते नखाएवढं पान हुडकलं. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे जुन्या मालाला गॅरंटी नसते. विकताना मात्र जुना म्हणूनच महाग होता!

धाटणी अठराव्या शतकातल्या राजा लुई पंधराव्याच्या काळाची, पण घडवलंय नेपोलियन तिसऱ्याच्या राजवटीत (१८५२-७०). कुणा नामवंत कारागिराची सही नाही, म्हणून तर परवडलं. खण मस्त सरकतात. वरचा संगमरवर हळदीचा डाग धरतो. बाकी ठीक.

मुद्दा पानाचाच. आतला सांगाडा ओकचा. कोरड्या हवेत तो आखडतो, वरचे पातळ पापुद्रे त्याच्याबरोबर आखडत नाहीत, मग सुटतात. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर ३० टक्क्यांवर होता, असायला हवा होता ५०च्या आसपास. आता खोलीत ह्युमिडिफायर घुरघुरतो, त्याचं वीजबिल वेगळं.

दुरुस्तीचे एका दुकानाने ६०० युरो सांगितले. एवढ्यात नवं कपाट येईल! फोबूर सेंट-आंत्वान या फर्निचर कारागिरांच्या जुन्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने जरा ओलावा, जरा उष्णता देऊन जुना सरस सैल केला, पान बसवलं, ठोकळा ठेवून आवळलं. ४० युरो. हा जनावरांच्या कातड्याचा सरस दीडशे वर्षांनीही विरघळतो, म्हणून कृपा करून फेविकॉल लावू नका.

बसवण्याआधी त्याने पान उलटून दाखवलं. मागून हिरवंगार! समोरचा रंग उजेडाने उडालेला. ज्या मधाळ तपकिरीवर आम्ही भाळलो, ती मुळात नव्हतीच. नवं असताना हे लग्नाच्या मांडवासारखं रंगीत असणार. मला उडालेलंच आवडतं.

तक्रार आता ब्राँझची. कोपऱ्यावरची नक्षी स्वेटरचे धागे ओढते, ते चालवून घेतलं. पण स्क्रू ढिला झाला म्हणून ती काढली, तर मागेही सारखाच पिवळा मुलामा. पाऱ्याच्या मुलाम्यात सोनं आणि पाऱ्याचा लेप दर्शनी बाजूला देऊन पारा तापवून उडवतात. मागची बाजू सहसा कोरी राहते, फार तर शिंतोडे. म्हणजे हा बहुधा विजेने चढवलेला, १८४०च्या दशकापासून रुळलेला. त्यात वाईट काही नाही, पाऱ्याच्या वाफेने मुलामेकऱ्यांचे जीव जायचे. पण विक्रेत्याने बिलावर 'पाऱ्याचा मुलामा' लिहून त्याचे पैसे घेतलेत. मागच्या बाजूचे फोटो पाठवलेत, उत्तर नाही. फरक परत मिळाल्याशिवाय मी यांच्याकडून साधी खुर्चीही घेणार नाही.