दारव्ह्याकडचं खायचं रुखवत: पऱ्हाटीला पैकीच्या पैकी, टरबुजाला काठावर पास

आधी निकाल सांगतो. लग्नात रुखवत मांडायचंच असेल आणि पाहुण्यांनी तिथं थोडं रेंगाळावं असं वाटत असेल, तर दारव्ह्याकडच्या या बचत गटाच्या बायकांकडं काम द्या. मात्र त्यांच्या यादीतलं सगळंच सांगू नका.

मी दारव्हा-दिग्रस रस्त्यावरच्या एका गावात किराणा दुकान चालवतो. मे महिन्यात भाचीचं लग्न झालं, मामा म्हणून रुखवताचा खर्च मी अंगावर घेतला. माझी अट एकच होती, मांडलेलं सगळं खाता आलं पाहिजे. शहरात आता रुखवत भाड्यानं मिळतं. थर्माकोलचे बंगले, मोत्यांची तुळस, दुपारी मांडा आणि संध्याकाळी मोजून परत करा. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 मध्येच बंदी आली, ते सोडाच. पण पोरीच्या सासरी जायची वस्तू दुकानात परत जाते, हेच मला पटत नाही.

भाचीनं मला मोबाईलवर मेक्सिकोतल्या वाहाका शहराचे मुळे दाखवले होते. तिथं 1897 पासून दर 23 डिसेंबरला मुळे कोरायची स्पर्धा भरते. हातभर लांबीचे मुळे, त्यातून माणसं, देवळं, जनावरं. काम अफाट आहे, पण ते मुळे मुद्दाम जमिनीत जास्त दिवस ठेवून वाढवतात, खायच्या कामाचे नसतात. मी म्हटलं, मग लाकूड काय वाईट होतं? ती हसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही दुकानदारच राहा."

आता वस्तूंबद्दल. सगळ्यात सरस पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड. दीड फुटाचं झाड, खोड-फांद्या गुळाच्या कणकेच्या, तांबूस तळलेल्या. पानं पालक घातलेल्या पापडाची, ओली असतानाच पऱ्हाटीच्या पानासारख्या खाचा देऊन कापलेली आणि सावलीत वाळवलेली. बोंडाच्या पाकळ्या भाजलेल्या कणकेच्या, त्यांत ज्वारीच्या लाह्या कडक पाकानं डकवलेल्या. लांबून पाहिलं तर वेचणीला आलेला कापूस. आमच्याकडच्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की लाही उघड्यावर राहिली तरी चिवट होत नाही. हेच झाड आषाढात मांडा, संध्याकाळपर्यंत पाकाला घाम फुटेल आणि बोंडं गळतील. म्हणून पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला ही वस्तू त्या घेतच नाहीत, स्पष्ट नाही म्हणतात. ते मला आवडलं.

एका बोंडात बडीशेपेची गुलाबी गोळी बसवली होती. मी गटातल्या काकूंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "बोंडअळी नाही का भाऊ! तिच्याबिगर पऱ्हाटी कशी?" 2017 साली गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाचं काय केलं, ते इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. लग्नात नवरदेवाच्या काकांनी, म्हणजे आमच्या इवाईबुवांच्या भावानं, झाडाभोवती एक चक्कर मारली, ते बोंड बरोबर हुडकलं, गोळी तोंडात टाकली आणि म्हणाले, "आजलोक तिनं आमाले खाल्लं, आज म्या तिले खाल्लं." त्यानंतर रुखवताच्या टेबलाजवळची गर्दी हटेना.

दुसरी वस्तू शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी. बैल गोड कणकेचे, डोळे मिऱ्यांचे, शिंगं लवंगांची, गाडीची चाकं चकल्यांची. एका बैलाचा पाय तळताना फुगला होता, त्यामुळं तो जरा लंगडा उभा राहिला. त्याबद्दल तक्रार नाही, पटातले सगळे बैल कुठं सरळ उभे राहतात? तक्रार चाकांची आहे. चकल्या पातळ होत्या आणि टेम्पोत फुटल्या. गटाच्या दोघीजणी सोबत आल्या होत्या, डब्यात जास्तीच्या चकल्या आणि छोट्या गंजात, म्हणजे पातेल्यात, साखर. मांडवातल्याच चुलीवर पाक करून त्यांनी चाकं पुन्हा बसवली. रस्ता कसा आहे हे त्यांना ठाऊक असावं.

घरातल्या म्हाताऱ्यांना आवडला तो वळवटांचा, म्हणजे खिरीसाठी हातानं वळलेल्या बारीक प्रकारांचा, कलश. मोठ्या परातीत गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे असे वेगवेगळे प्रकार रचून काढलेला. गव्हले गव्हाच्या दाण्याएवढे, नखुल्यावर नखाची खूण अगदी स्वच्छ. हळदीची पिवळी, बिटाची लाल, बाकी पांढरी. या कामाला गोंद नाही, पाक नाही, नुसती बोटं आणि सवय. सासरी गेल्यावर विहीणबाईंनी त्याचीच खीर केली आणि भाचीला विचारलं, "तुह्या मायनं वळल्या का?" भाचीनं काय उत्तर दिलं, ते मी इथं लिहीत नाही.

मालाबद्दल मी जरा जास्तच खोदून विचारलं, धंदा तोच आहे. पिवळ्या रंगाची पुडी कोणती वापरता? मेटॅनिल यलो खाण्यात चालत नाही, तरी सुटा रंग विकणारे विकतात. इथं रंगाची पुडीच नव्हती. हळद, बीट, पालक एवढंच. तुळशीवृंदावनाच्या साखरेच्या विटांना चांदीचा वर्ख लावला होता, तोही मी तपासला. चिमूटभर वर्ख बोटांत चोळला की खरा असेल तर विरून जातो, ॲल्युमिनियम असेल तर त्याची गोळी होते. विरला. विटाही चांगल्या होत्या. लाकडी साचे पाण्यात भिजवायचे, पाक घोटून पांढरा झाला की ओतायचा, पाडव्याच्या साखरेच्या गाठ्या करतात तीच रीत. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायला त्यांनी बजावलं होतं. "नाही त पंगतीत पयले त्याच बसतीन," असं काकू म्हणाल्या.

आता जे सांगू नये ते. टरबुजाचा मोर. कोरीव काम वाईट नाही. हिरवी साल, मग पांढरं, मग लाल, असे तीन रंग पिसांत छान उतरतात. पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना दुपारच्या लग्नात तो मांडायचा म्हणजे वेडेपणा. ओलं बारदान झाकूनही पहिली पंगत उठेपर्यंत पिसं लुळी पडली आणि माशा आल्या. संध्याकाळचं लग्न असेल तरच घ्या, आणि फळ जाड सालीचं, जरा कमी पिकलेलं निवडायला सांगा.

नारळाचे नवरा-नवरी तर मुळीच नको. तिथं त्यांनी मुंडावळ्या टाचण्यांनी खोचल्या होत्या. खायच्या टेबलावर टाचणी म्हणजे काय? लहान पोरं हात घालतात. मी सगळ्या टाचण्या काढायला लावल्या. काकूंना राग आला, "सगळ्यांकडं अशेच करतात," म्हणाल्या. सगळ्यांकडं करत असतील, आपल्याकडं चालणार नाही. पुढं त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

पैसे: साहित्य आपलं दिलं तर मजुरी 4,500, त्यांचं असेल तर 7,000 रुपये, टेम्पो वेगळा. मी साहित्य माझ्या दुकानातलं दिलं. उरलेली साखर आणि गूळ पिशवीत घालून परत आला, न मागता. निम्मे पैसे आधी घेतात. किमान महिनाभर आधी सांगावं लागतं, कारण वळवटं घाईत होत नाहीत.

भाचीच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने याच बायकांकडून करून घ्यायचे आहेत. विचारलं तर होय म्हणाल्या, पण दिवाळीच्या आत सांगा म्हणे. पुढं खऱ्या पऱ्हाटीची वेचणी लागते, सगळ्या जणी दिवसभर वावरात असतात, आणि हलवा मग रात्रीच हलवावा लागतो.