ट्रेनिंगची खुर्ची घ्यावी की स्वतःचं क्लिनिक वाढवावं? ठाणे-नवी मुंबईतल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी

एम.फिल. होऊन आठ-दहा वर्षं झालेली असतात. आरसीआयचा (भारतीय पुनर्वसन परिषदेचा) नोंदणी नंबर आहे, संध्याकाळच्या अपॉइंटमेंट बऱ्यापैकी भरतात, हॉस्पिटलात किंवा कॉलेजात बस्तान बसलंय. अशात कुणीतरी वरिष्ठ केबिनमध्ये बोलावून म्हणतात, "मॅडम, ट्रेनिंगचं आता तुम्हीच बघा." म्हणजे एम.फिल. करणाऱ्या मुलांना घडवण्याची जबाबदारी. पद कधी कोर्स कोऑर्डिनेटर, कधी विभागप्रमुख, कधी नुसतं 'इन-चार्ज'. हो म्हणायचं की नाही, यावर लोक महिनोन्महिने घोळ घालतात आणि शेवटी भिडेखातर हो म्हणून मोकळे होतात. तसं होऊ नये म्हणून ही तुलना.

आधी पैसे, कारण तो भाग सोपा आहे. संस्थेत पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि आजारपणाची रजा. कोऑर्डिनेटर झाल्याबद्दल वेगळा भत्ता मिळेलच असं धरून चालू नका. स्वतःच्या क्लिनिकात चांगल्या महिन्यात पगारापेक्षा जास्त सुटतात, पण मे महिन्यात अर्धे क्लायंट गावाला जातात, गणपतीत आणि दिवाळीत रांगेनं कॅन्सलेशन येतात, आणि फेब्रुवारीत दहावी-बारावीवाल्यांना वेळ द्यायला जागा उरत नाही. नौपाड्यात जुन्या इमारतीत खोली मिळाली तर लिफ्ट नाही. घोडबंदर रोडला लिफ्ट आहे, पण भाडं तसंच. त्यामुळे बरेच जण तासाच्या हिशेबानं दुसऱ्याची केबिन घेतात. घराचा हप्ता चालू असेल आणि नवरा-बायकोपैकी दुसऱ्याचीही कमाई कमी-जास्त होत असेल, तर माझं मत संस्थेच्या बाजूनं. बाकीच्यांनी पैशावरून हा निर्णय घेऊ नये, दोन्हीकडे भागतं.

खरा फरक कामाच्या पोतात आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. अशा ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जे दिसतं, ते खासगी केबिनमध्ये दिसत नाही. मुरबाड-शहापूरकडून पहाटे निघालेली आई मुलाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयक्यू करून घ्यायला येते. बिने-कामत या बुद्ध्यांक चाचणीची पेटी उघडावी तर एक कार्ड गायब, आणि ते आधी कुणी नेलं हे रजिस्टरमध्ये शोधावं लागतं. खासगीत येतात लग्नातले ताण, नोकरीतली चिंता, मुलांचा मोबाईल. तिथेही कस लागतोच, पण पल्ला अरुंद होत जातो. ठाण्यात आणखी एक अडचण आहे: शनिवारी संध्याकाळी राम मारुती रोडवर निघालात की समोरून क्लायंट येतो, शेजारी त्याची बायको, आणि ओळख दाखवायची की नाही हे दोन सेकंदांत ठरवायचं असतं.

पण संस्थेत राहून नुसतं रुग्ण बघता येतातच की. ट्रेनिंग अंगावर घेण्यात वेगळं काय? एकच गोष्ट, सुपरव्हिजन, म्हणजे ट्रेनीनं घेतलेली सेशन्स तिच्यासोबत बसून तपासणं. ट्रेनी सेशनचं रेकॉर्ड वाचून दाखवते: "पेशंटनं विचारलं, तुमचं लग्न झालंय का? मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही." तुम्ही थांबवता. हा प्रश्न पेशंटनं कुठल्या वाक्यानंतर विचारला? ती पान उलटते. आधीच्या ओळीत पेशंट सासूबद्दल बोलत होता. पाच मिनिटं कुणीच बोलत नाही, मग तिचं तिलाच उमगतं की तो 'तुम्हाला कळेल का?' असं विचारत होता. असं काही महिन्यातून दोन-तीनदा घडलं की आठवडाभराची हजेरीपत्रकं सहन होतात. ज्याला हे ऐकून 'एवढ्यात मी दोन क्लायंट बघितले असते' असं वाटतं, त्यानं खुशाल क्लिनिक वाढवावं. त्यात कमीपणा काही नाही.

उरलेला वेळ कागदांचा. लॉगबुकवर सह्या, डेझर्टेशनची एथिक्स कमिटी, बाहेरच्या परीक्षकांच्या तारखा, इन्स्पेक्शनच्या आधी सगळ्यांच्या आरसीआय प्रमाणपत्रांच्या प्रती. कॉलेजात असाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. कोऑर्डिनेटरचं काम प्रत्यक्षात त्याच्या वर येऊन बसतं. अमेरिकेत 'डायरेक्टर ऑफ क्लिनिकल ट्रेनिंग' हे विद्यापीठातलं स्थिरावलेलं पद आहे, इंटर्नशिप केंद्रांची एपीपीआयसी ही संघटना १९६८ पासून चालू आहे. म्हणजे अडलं तर विचारायला समव्यवसायी असतात. आपल्याकडे तुम्ही, एखादा क्लार्क आणि व्हॉट्सॲप ग्रुप.

सध्याच्या काळाची एक वेगळी गोम आहे. यूजीसीनं २०२२ च्या नियमावलीत एम.फिल. बंद केलं, डिसेंबर २०२३ मध्ये प्रवेश घेऊ नका असं पुन्हा बजावलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. तेव्हा आत्ता पद घेणाऱ्याच्या वाट्याला जुन्या बॅचेस निभावून नेणं आणि नव्या अभ्यासक्रमाची मान्यता मिळवणं, अशी दोन्ही कामं येणार. काहींना अशी उभारणी आवडते. मला विचाराल तर घडी बसलेल्या कोर्सपेक्षा या वेळी हे पद घेणं जास्त दमवणारं आहे, पण अभ्यासक्रमात स्वतःचं काही आणायचं असेल तर संधीही हीच.

जे आधीच त्या खुर्चीत आहेत आणि सोडावं का या विचारात आहेत, त्यांच्यासाठी जॉन मायर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये मांडलेली विभागणी उपयोगी आहे. माणूस नोकरीला तीन कारणांनी चिकटतो: जीव जडलेला असतो, सोडलं तर नुकसान होईल हा हिशेब असतो, किंवा सोडणं बरं दिसत नाही ही भीड असते. तिन्ही थोडी थोडी प्रत्येकात असतात. मात्र आपल्याकडच्या ट्रेनिंगवाल्यांमध्ये तिसरी फार. 'मी गेले तर या पोरांचं काय?' हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यामागचा थकवा आता लगेच ओळखू येतो. भिडेवर दोन-तीन वर्षं निघतात, त्यापुढे सुपरव्हिजनमध्ये चिडचिड दिसायला लागते आणि त्याची किंमत पोरंच मोजतात. अशा वेळी बॅचच्या मध्येच उठू नका. एका सहकाऱ्याला वर्षभर सोबत बसवा, व्हायव्हा होऊ द्या आणि मग राजीनामा द्या.

तिसरा मार्ग व्हिजिटिंग सुपरव्हायझरचा. आठवड्यातून एक दुपार नेरूळला, ट्रान्स-हार्बरनं सरळ जाता येतं, बाकी वेळ क्लिनिक. ऐकायला उत्तम. मानधन किरकोळ, आणि कोर्सच्या निर्णयांत तुमचं मत कुणी विचारत नाही. मान्यतेसाठी पूर्णवेळ शिक्षक दाखवावे लागतात, त्यामुळे 'फक्त नाव देता का?' असा प्रस्ताव कधीकधी येतो. आपला आरसीआय नंबर असा कुणाच्या फायलीत अडकवू नका. तरीही शिकवणं आवडतं की नाही याची खात्री नसलेल्यांसाठी सुरुवात इथूनच करणं शहाणपणाचं.

माझा कौल असा: सुपरव्हिजन आवडत असेल तर पद घ्या, पण एका बॅचपुरतं ठरवून, आणि एक संध्याकाळची प्रॅक्टिस लेखी परवानगीनं चालू ठेवून. शिकवण्याचे तास किती कमी होणार, क्लार्क कोण, तुमच्या रजेत सही कोणाची, हे नेमणुकीच्या पत्रात आलंच पाहिजे. तोंडी आश्वासन देणारे वरिष्ठ बदलून जातात. आणि होकार कळवण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या ट्रेनींना कँटीनमध्ये गाठून विचारा, गेल्या महिन्यात सुपरव्हिजन किती वेळा झालं आणि किती वेळा इन्स्पेक्शनच्या कामामुळे रद्द झालं.