मेणवलीच्या खिडक्या आणि जर्मन शुक्रवार : मास्टोडॉनवरचे दहा महिने

मास्टोडॉन या समाजमाध्यमावर खाते उघडले तेव्हा माझ्या रेखाटनवहीतील शेवटचे चित्र सव्वा वर्षापूर्वीचे होते. मोठ्या समाजमाध्यमावर चित्र टाकायचे, दर दहा मिनिटांनी आकडा पाहायचा आणि रात्री खट्टू होऊन वही मिटायची, या क्रमाला मी कंटाळले होते. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये जर्मनीत सुरू केलेल्या या माध्यमाचे स्वरूप निराळे आहे. निरनिराळ्या व्यक्तींनी आणि गटांनी चालवलेले सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ या सामायिक पद्धतीने एकमेकांशी जोडलेले असतात आणि ज्यांना आपण फॉलो करतो त्यांचे लेखन काळाच्या क्रमाने समोर येते. पहिले तीन आठवडे मात्र ही शांतता मला खायला उठली, कारण पाच चित्रांना मिळून दोनच पसंत्या मिळाल्या होत्या.

गाडी रुळावर आली ती एका जर्मन हॅशटॅगमुळे. ‘फेन्स्टरफ्रायटाग’ म्हणजे खिडक्यांचा शुक्रवार. त्या दिवशी लोक कुठल्याशा खिडकीचे छायाचित्र टाकतात. छायाचित्रांच्या त्या रांगेत मी वाईतील एका जुन्या घराच्या खिडकीचे शाईचे रेखाटन भीतभीतच ठेवले. कोणी हटकले नाही. उलट एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांनी झडपेच्या बिजागरीविषयी दोन प्रश्न विचारले. पुढच्या शुक्रवारी तेच गृहस्थ पुन्हा आले, आणि मग शुक्रवार चुकवणे मला जड जाऊ लागले. नियमितपणे बोलणारी माणसे जेमतेम पंधरा असतील, परंतु मागच्या आठवड्यातील खिडकी त्यांच्या लक्षात असते, आणि माझ्यासारख्या आळशी हाताला तेवढे पुरते.

येथील दुसरी रीत मला आधी जाचक वाटली होती. चित्रासोबत दृष्टिहीन वाचकांसाठी शब्दांत वर्णन द्यावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी दीड हजार अक्षरांची जागा असून वर्णन नसलेले चित्र पुढे न पाठवणारे लोकही पुष्कळ आहेत. मेणवलीच्या एका खिडकीचे वर्णन मी ‘लाकडी चौकट, पाच गज, गजावर वाळत घातलेला पंचा’ असे उरकले होते. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर, ते ऐकणाऱ्या एका बाईंनी विचारले, ‘पंचा ओला आहे की सुकलेला?’ मला सांगता येईना. वहीत पाहिले तर तो पुठ्ठ्यासारखा सरळ उतरला होता. ओल्या कापडाचा झोळ नव्हता आणि सुक्याची फडफडही नव्हती. तेव्हापासून मी वर्णन आधी लिहिते आणि मग शाईला हात लावते. गेल्या दहा महिन्यांत झालेल्या एकोणचाळीस चित्रांपैकी निदान पंधरा तरी या सवयीमुळे सुधारली, असे माझे मत आहे.

तक्रारीही आहेत. मी ज्या सर्व्हरवर होते तो सहाव्या महिन्यात बंद झाला. चालकाने तीन महिने आधी कळवले होते, तरी त्रास व्हायचा तो झालाच : नव्या खात्यावर फॉलोअर आपोआप आले, पण जुनी चित्रे आणि त्यांखालची संभाषणे आली नाहीत. त्यांची प्रत उतरवून घेता येते, मात्र ती नव्या ठिकाणी पुन्हा चढवण्याची सोय नाही. बिजागरीवरची ती चर्चा आता माझ्या संगणकातील एका फाइलमध्ये पडून आहे. सर्व्हर निवडताना तो कोण चालवतो, खर्च कसा भागतो आणि किती वर्षे चालू आहे, हे आधी पाहावे. मी केवळ नाव आवडले म्हणून निवडला होता.

मराठीचे म्हणाल तर येथे चणचणच आहे. वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये भारतातून बरेच जण इकडे आले होते. त्या काळातील मला सापडलेली बहुतेक मराठी खाती आज निजलेली आहेत. मी वर्णन मराठीत लिहून खाली इंग्रजी जोडते. त्या बाईंना मराठी येत नाही, पण ‘पंचा’ हा शब्द त्यांनी ठेवून घेतला आहे. मागच्या शुक्रवारी मी धोम धरणाकडच्या रस्त्यावरील एका घराची खिडकी टाकली, तेव्हा त्यांनी पहिल्याच ओळीत विचारले की, या खिडकीत पंचा का नाही.