महाबळेश्वरच्या रूमपायी 17,801 रुपये गेले, तुमचे घालवू नका

आईचं माहेर यडूर, कृष्णाकाठचं. कितीतरी वर्षं तिचं एकच टुमणं, ही नदी निघती कुठनं ते एकदा दाखव रे. म्हणून मे महिन्यात आमच्या कर्नाटकातल्या चिकोडीहून महाबळेश्वरला जायचं ठरवलं, आम्ही सहा जण, दोन रूम, दोन रात्री. मॅपवर हॉटेल शोधलं आणि तिथल्याच नंबरवर फोन लावला. पुढचं तुम्हाला ठाऊकच असणार, हॉटेल खरं, नंबर चोराचा.

गडी बोलायला इतका गोड की काय सांगू. एका रूमला रात्रीचे 3,200, निम्मे ॲडव्हान्स, म्हणजे 6,400. टाकले. पाच मिनिटांत परत फोन, काका जीएसटीच्या घोळात एंट्री पडली नाही, आता 6,401 टाका, एक रुपया जास्त दिसला की आधीचे आपोआप परत येतात. टाकले! हो, टाकले! 14 वर्षं पतसंस्थेत क्लार्क आहे मी, रोज लोकांच्या सह्या जुळवतो. पण मे महिना, रूम मिळत नव्हत्या, शेजारी आई बॅगा भरत बसलेली, अशा वेळी डोकं चालतंय का कुणाचं? वर रिफंडेबल डिपॉझिट म्हणून 5,000 गेले. पैसे टाकताना स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी मोबाइल शॉपीचं, हॉटेलचं नाही. तिथं थांबा. मी थांबलो नाही.

त्याच्याही आधी कळायला पाहिजे होतं, आणि तेच डोक्यातनं जात नाही. तो म्हणाला बाल्कनीतून वेण्णा लेक दिसतो, पंचगंगा मंदिर दिसतं, बाजारपेठ दोन मिनिटांवर. अरे, मंदिर क्षेत्र महाबळेश्वरला, बाजारापासून पाच-सहा किलोमीटर, मधे सगळं जंगल! कॉलेजच्या ट्रिपला गेलेला माणूस मी. बायको फोटो बघून म्हणाली, अहो, मागं नारळाची झाडं कशी? साडेचार हजार फुटांवर, जांभूळ-हिरड्याच्या रानात नारळ! मी म्हटलं, लावले असतील, तू गप बस जरा. त्यावर ती अजून काही बोललेली नाही, तेच जास्त लागतंय.

पसरणी घाट चढून संध्याकाळी पोचलो. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, आज तुम्ही चौथे. एका खोलीत सहा जण, 5,000 मोजले.

सकाळी पंचगंगेत आईनं गोमुखाखाली ओंजळ धरली आणि नावं घेतली, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. मागच्या कृष्णाबाईच्या देवळात तर कुणीच नव्हतं, नुसती शेवाळलेली दगडं आणि पाण्याचा आवाज. इतकी सुंदर जागा आणि मी खांबाला टेकून बँकेचे मेसेज वाचतोय.

तिथल्या पोलिसांकडे गेलो तर म्हणे पैसे कर्नाटकातनं गेले, तिकडंच द्या. परत येऊन आमच्याकडं गेलो तर, हॉटेल महाराष्ट्रातलं, तिकडं जावा, आणि अर्ज कन्नडमध्ये आणा. कन्नडमध्ये लिहून घेतला, त्याचे 150 गेले. मग साहेब नाहीत, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. ते नाळे तीनदा झालं. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते हे मी सांगितलं तर कायदा शिकवतोस काय म्हणून माझ्यावरच डाफरले. 1956 पासून आम्ही सीमाभागातले महाराष्ट्राचे की कर्नाटकाचे ते ठरेना, आता माझे 17,801 कुणाच्या हद्दीत गेले तेही ठरेना. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे 1930, तिला फोन तिथल्या तिथं करायचा, खातं गोठवायची संधी पहिल्या तासाभरात सगळ्यात जास्त असते. मी दुसऱ्या दिवशी केला, लाजेपोटी.

आणि पैसे परत यायला एक रुपया टाकावा लागत नाही, पिनपण लागत नाही. हॉटेलचा नंबर दोन-तीन ठिकाणी जुळवून बघा. घरच्या माणसाला गप बस म्हणू नका.

परवा पोराच्या मोबाइलवरून त्याच नंबरला फोन लावला. पंचगंगा दिसणारी रूम आहे का विचारलं.

"आहे की काका. किती जण?"